जबड्याचा रोजगार

उन्हाळा आला की खान्देशातल्या आमच्या शिरपूरच्या गच्च्यांवर खाटा निघतात, खाटांवर जुनी लुगडी पसरली जातात आणि लुगड्यांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. कडकडीत वाळलेला बिबडा भाजला किंवा तळला की सभ्य होतो, पाहुण्यापुढे ठेवता येतो. खरी गंमत त्याच्या आधीची. कडा वाळलेल्या, पोट अजून ओलसर, लसणाचा वास सुटलेला, अशा अवस्थेत तो लुगड्यावरून सोलून तोंडात कोंबला की पुढचा बराच वेळ बोलायची सोय नाही. तो ताणतो, दाढेला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. राखणीला बसवलेलं पोरगंच सगळ्यात जास्त बिबडे खातं, हे घराघरातल्या आज्यांना ठाऊक असतं. तरी पाखरं हाकायला त्यालाच बसवतात.

माझी समजूत अशी आहे की खान्देशी स्वयंपाक जबड्याला काम मिळावं म्हणूनच बेतलेला असावा. दादर ज्वारीची भाकरी, तीही सकाळची संध्याकाळी. कळण्याची भाकरी तर आणखी दमदार, कारण ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळलेले. सोबत ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा, मूठभर शेंगदाणे. यात घाईने गिळण्यासारखं काहीच नाही. म्हणून घाई करणाऱ्या पोराला कुणी आरोग्यावर व्याख्यान देत नसे. "दात शेतस ना तुले? मंग चाव ना," एवढ्यात विषय संपायचा.

हेच अमेरिकेत सांगायला होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थांना उत्तरायुष्य घालवावं लागलं. १८४९ ते १९१९ हा त्यांचा काळ. घास तोंडात पातळ होईपर्यंत चावा, चव संपेपर्यंत गिळू नका, दूधसुद्धा तोंडात घोळवून मगच पोटात सोडा, असा त्यांचा उपदेश. लोक त्यांना 'महाचर्वणकार' अशा अर्थाच्या पदवीने ओळखत. या बाबांच्या पंगतीत जेवायला बसणं हा केवढा छळ असेल! पण त्यांच्या हट्टात तथ्य होतंच. भाकरीचा कोरडा तुकडा सावकाश चावत राहा, थोड्या वेळाने तो गोड लागू लागतो. लाळेतलं अमायलेज पिठाची साखर करायला लागलेलं असतं. गोड भाकरीचा हा प्रयोग आमच्याकडे कितीतरी जणांनी केलेला आहे, फक्त तो भाजी संपल्यामुळे केलेला आहे.

जबड्याचं यंत्रही बघण्यासारखं आहे. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी सरकतं. हा सांधा बिजागरीसारखा नुसता फिरत नाही, फिरता फिरता पुढेही घसरतो. शिवाय दोन्ही बाजूंच्या सांध्यांना एकदमच हलावं लागतं, कारण खालचं हाड एकच. डावी दाढ किडली म्हणून माणूस वर्षभर उजवीकडूनच जेवतो आणि मग कानाजवळ 'कट्' वाजायला लागलं की कानाच्या डॉक्टरकडे जातो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले असावेत, दात मात्र एकमेकांना टेकलेले नसावेत. जमिनीच्या वाटणीचा विचार करत झोपणाऱ्यांना हे रात्री जमत नाही आणि सकाळी त्यांचा जबडा ठणकतो.

आता रोजचं ताट मऊ झालं आहे. पोळी मऊसूत, सकाळी चहात बुडवलेली खारी, पोरांच्या डब्यात नूडल्स. वाढत्या वयात जबड्याला ताण मिळाला नाही तर हाडही जेमतेम वाढतं. डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्यांना मऊ आणि कडक असं वेगवेगळं खाणं देऊन हे तपासलं. २००४ साली ते प्रसिद्ध झालं आणि मऊ खाणाऱ्यांचे चेहरे कमी वाढलेले निघाले. माणसातही लहान जबड्यात अक्कलदाढेला जागा मिळत नाही आणि ती आडवी पडते, त्यामागे हेही एक कारण सांगतात.

ताट मऊ झालं तरी चावायची हौस काही गेली नाही. पूर्वी ती भाकरीवर भागायची, आता टपरीवर भागते. जेवण पाच मिनिटांत उरकणारा माणूस सुपारी तासभर चघळतो. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मध्य प्रदेशाने ती त्याच वर्षी आपल्या आधी घातली होती. म्हणजे सीमेवरच्या पळासनेरच्या अलीकडेही बंदी आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या सेंधव्याच्या बाजूलाही बंदी. तरी महामार्गावर गुटख्याची गाडी पकडल्याची बातमी शिरपूरकरांना नवी नाही. इतक्या निष्ठेने दोन राज्यांच्या सीमेवरून कुणी हरभरे नेल्याचं अजून ऐकिवात नाही.

सुपारीची तऱ्हा उलटी आहे. जबड्याला भरपूर व्यायाम होतो आणि शेवटी तोंडच उघडेनासं होतं. गालांच्या आतल्या अस्तराखाली तंतू साचतात, गाल चामड्यासारखा ताठ होतो. आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये नोंदवला, पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी त्याचं वर्णन केलं. त्यातून पुढे कर्करोगही उद्भवू शकतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. 'मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो' असं छाती फुगवून सांगणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली आहे.

तोंड न उघडण्याच्या या दुखण्याची पहिली वर्दी कशी मिळते? तिखट सोसवत नाही. बाकी महाराष्ट्रात याकडे काणाडोळा होऊ शकेल, खान्देशात माणूस शेवभाजी बाजूला सारून दहीभात मागतो तेव्हा घरच्यांनी लगेच चौकशी करायला हवी. मग पाणीपुरी आख्खी तोंडात जात नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहावी, सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर दातांचा डॉक्टर गाठावा. आमच्या ओळखीच्या एका टपरीवाल्याला मी ही परीक्षा सांगितली. त्याने करून पाहिली, तीन बोटं गेली, आणि तो म्हणाला, "मी ही पुडी खातच नाही ना भो, इकस फक्त."

आमच्या आबांचं दुखणं यातलं नव्हतं. फुटाणे एकाच बाजूने फोडून फोडून त्यांचा सांधा रुसला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, शेक द्या, जांभई आली की हनुवटीखाली हात धरा, घास लहान घ्या आणि पंधरा दिवस मऊ खा, खिचडी वगैरे. आबांनी शब्दही खाली पडू दिला नाही. दोन्ही वेळा खिचडीच. तिच्यावर लसणाची फोडणी ओतलेली, डाव्या बाजूला भाजलेला पापड, उजवीकडे कांदा, कैरीचं लोणचं कोयीसकट, आणि तळलेली मिरची. आठ दिवसांनी मी विचारलं, "आबा, मऊ खायला सांगितलंय ना?" आबांनी कोय चोखून ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, "मग खिचडी मऊ नाही का?"