दाजींचा ड्रायव्हर

घरातला जुना संगणक बंद पडला की त्याच्याबद्दलची पहिली माहिती ठरलेली असते : कुणीही काहीही केलेलं नाही. मिक्सर किंवा पाण्याची मोटर बिघडली तर घरातलं कुणीतरी निदान अर्धीमुर्धी कबुली देतं. संगणक मात्र आपल्या मनानं बिघडतो, तोही रात्री सगळे झोपल्यावर. मग घराण्यात ज्याला ‘त्यातलं कळतं’ अशी आवई उठलेली असते, त्याचा फोन वाजतो. आमच्या घराण्यात तो मी. मी साताऱ्यात, संगणक सांगलीत, विश्रामबागेत, आणि संगणकाचे मालक माझे दाजी.

या दुरुस्तीतली सर्वांत अवघड बाब म्हणजे मालक दाजी असणं. भाच्याला ‘काय करून ठेवलंस रे हे?’ असं विचारता येतं. बहिणीच्या नवऱ्याला तसं विचारायची आपल्याकडे सोय नाही. त्यातून दाजी निवृत्त शिक्षक आणि एमएस-सीआयटी पास. वेतनवाढ अडू नये म्हणून दिलेली परीक्षा ती. पण प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर लावलंय, आणि त्याच्या बरोबर खाली संगणक.

‘पाव्हणं, इंटरनेट गेलं बघा.’

‘काही केलं होतं का दाजी?’

‘छे, काय बी नाही. कॉलनीतला एक पोरगा येऊन व्हायरस काढून गेला. एकदम झ्याक केलं त्यानं. फक्त इंटरनेट गेलं, आवाज गेला आणि पडद्यावरची अक्षरं मोठी झाली.’

म्हणजे पोरगा फॉरमॅट मारून गेला होता.

दाजींच्या संगणकावर विंडोज एक्सपी. ती २००१ सालची, आणि मदरबोर्ड तिच्यानंतर कितीतरी वर्षांनी घेतलेला. त्यावरची नेटवर्कची चिप एक्सपी तयार झाली तेव्हा बाजारातच नव्हती, मग एक्सपी तिला ओळखणार कशी? ती ओळख करून द्यायला ड्रायव्हर लागतो. जुना ड्रायव्हर फॉरमॅटमध्ये पुसला गेला. नवा इंटरनेटवर मिळतो. आणि इंटरनेट मिळायला ड्रायव्हर लागतो.

याच पेचासाठी मदरबोर्डबरोबर एक सीडी देतात. ती कुठं आहे असं विचारल्यावर फोनवर शांतता पसरली. मागून अक्काचा आवाज आला, ‘तासगावला.’ दाजींच्या भावाच्या द्राक्षबागेत ती सुतळीला टांगलेली होती आणि पाखरं हाकलत होती. ‘चमकती लई भारी,’ दाजी म्हणाले.

एक्सपी सोडून द्या, असंही मी सुचवून पाहिलं. तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ पासून बंद झाली आहे, हे सांगितलं. पण दाजींकडचा नाट्यसंस्थेच्या स्मरणिकांचा सगळा मजकूर श्रीलिपीत, आणि तो त्याच यंत्रावर नीट उघडतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगवलं त्या गावचा माणूस. त्याला ‘जुनं टाकून द्या’ म्हणणं म्हणजे आपणच एक्झिट घेणं.

तेव्हा चिप कोणत्या घराण्यातली हे शोधणं आलं. डिव्हाइस मॅनेजर उघडलं की अनोळखी उपकरणापुढे पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. नाव नाही, गाव नाही. पण प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सच्या पानावर त्याचं गोत्र लिहिलेलं असतं. ‘व्हेन’च्या पुढे बनवणाऱ्याचा क्रमांक, ‘डेव्ह’च्या पुढे चिपचा. दाजींनी पट घ्यावा तसं खणखणीत आवाजात वाचलं : एक, शून्य, ई एलिफंटचा, सी कॅटचा, आठ, एक, सहा, आठ. १०ईसी म्हणजे तैवानची रिअलटेक आणि ८१६८ ही तिची गिगाबिट चिप. मी साताऱ्यात ड्रायव्हर उतरवून घेतला.

‘जुळलं का गोत्र?’ दाजींनी विचारलं.

‘जुळलं.’

‘मग या घेऊन. बोलणी समोरासमोर झालेली बरी.’

पेनड्राइव्ह आणि कंदी पेढे घेऊन कऱ्हाड, पेठ नाका, इस्लामपूर करत एसटीनं सांगली गाठली. ड्रायव्हर बसला, पिवळं चिन्ह गेलं. एक्सपी पुन्हा चालू होईपर्यंत चहा झाला. चहाबरोबर दाजींनी सांगली जिल्ह्याची थोरवी ऐकवली : ‘तुम्ही सातारकर फोनला नंबर लावून बसला होता, तेव्हा आमच्याकडची गावं संगणकानं जोडलेली होती!’ हे मात्र खरं आहे. वारणानगरच्या भोवतालची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात घेतली होती. उसाच्या नोंदी आणि वजनं गावातच कळावीत, हा हेतू. पुढे त्यातल्या काही गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर चालवून पाहिलं, आणि ते चाललं. हा उत्तरार्ध मी सांगितला नाही. चहा अर्धाच झाला होता.

पडद्यावर आता लाल फुली आली : केबल जोडलेली नाही. केबल तर जोडलेली होती. मी तिच्या मागोमाग कपाटाच्या पाठीमागे शिरलो. राउटरचा प्लग जमिनीवर पडला होता आणि त्याच्या जागी देवघरातल्या लायटिंगच्या माळेचा प्लग डौलात बसला होता.

‘मी कशालाही हात लावलेला नाही,’ अक्का म्हणाली. ‘फक्त माळ लावली.’

माळ उतरवली, राउटर लावला, आणि पिंग सुरू केलं. हा छोटासा प्रोग्राम १९८३ साली माइक मुस या अमेरिकी माणसानं लिहिला. पाणबुडीतल्या सोनारासारखी हाक मारायची आणि उत्तर येतंय का बघायचं, एवढंच त्याचं काम. आधी १२७.०.०.१, म्हणजे आपण स्वतः : उत्तर आलं. मग १९२.१६८.१.१, म्हणजे राउटर : उत्तर आलं. मग ८.८.८.८, म्हणजे थेट बाहेरचं जग : तिथूनही आलं. तरी बँकेची साइट उघडेना. म्हणे, तिचा सुरक्षा दाखला अजून लागूच झालेला नाही.

मी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. संगणकाच्या मते तो २००९ सालचा १ जानेवारी होता.

मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज गेली तरी घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली की तारीख मागे पडते, आणि वेबसाइटचा दाखला कधीपासून कधीपर्यंत चालतो हे संगणक त्या तारखेशी ताडून बघतो. २००९ साली बसलेल्या यंत्राला पुढच्या सालातला दाखला खोटाच वाटणार. मी बॅटरी काढून दाजींच्या हातावर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून तिच्यावरचा ‘सीआर २०३२’ हा मजकूर वाचला.

‘२०३२ पर्यंत चालणार असं लिहिलंय की! संपंल कशी?’

तो आकडा मापाचा. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. हे ऐकल्यावर दाजींनी प्रमाणपत्राकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, ‘हे आमच्या कोर्सला नव्हतं.’ कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून नवी बॅटरी आणली, तारीख लावली, आणि बँक उघडली.

जुन्या संगणकाचा मला एक गुण पटलाय. त्याला पायरीपायरीनं विचारलं तर तो खरं सांगतो. प्लग, दिवा, ड्रायव्हर, पत्ता, तारीख, या क्रमानं जा. माणसांना काही विचारू नका. फॉरमॅटच्या आधी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवा, बॅटरी वेळेवर बदला, सीडी पाखरांना देऊ नका. आणि दुरुस्ती झाल्यावर ‘नेमकं काय झालं होतं?’ असं कुणी विचारलं, तर ‘सेटिंग बिघडलं होतं’ एवढंच सांगा. त्यात घरातल्या कुणाचंच नाव येत नाही आणि पुढच्या खेपेला चहा मिळतो.