वाफेचे काका

वाफेवर चालणारे खरे छोटे इंजिन किटमधून जुळवणारा गृहस्थ कुडाळात सहसा निवृत्तीनंतर उगवतो. खरे म्हणजे नुसते दिसायला खरे नव्हे: तांब्याचा बॉयलर, गॅसची ज्योत, सिलिंडरात दट्ट्या आणि चिमणीतून फुसकारा. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथल्या विजेवर धावणाऱ्या गाड्यांनी लोक थक्क होतात. हा गृहस्थ ‘पाणी कुठून घालतात?’ एवढेच विचारून बाहेर पडतो.

हे वेड कुडाळने दिलेले नाही. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली तोवर ब्रॉडगेजवरची वाफ संपली होती. कुडाळ स्टेशनाने आधी डिझेल पाहिले आणि 2022 पासून वीज. वेड येते मुंबईहून. वडील परळच्या रेल्वे कारखान्यात किंवा एखाद्या गिरणीच्या बॉयलरवर होते, आणि मुलाने लहानपणी डबा पोचवताना जे पाहिले ते साठीनंतर उसळते. किट इंग्लंडला असलेला मुलगा बॅगेतून आणतो. काकीच्या हिशेबाने तेवढ्या पैशांत विहिरीवर नवा पंप बसला असता.

किटमधला बॉयलर बहुधा तयार आणि तपासलेला येतो, याचे काकांना थोडे दुःखच असते. त्यात पाव लिटर पाणीही मावत नाही. बॉयलरचा कायदा 25 लिटरपासून पुढे लागू होतो, त्यामुळे कोणी इन्स्पेक्टर घरी येण्याचा मानही मिळत नाही.

अडचणीचे मूळ स्क्रूमध्ये असते. इंग्लंडच्या किटमध्ये ते पुष्कळदा बीए मापाचे. 8 बीएचा स्क्रू 2.2 मिलिमीटर जाडीचा आणि त्याच्या आट्यांचा कोन 47.5 अंश, मेट्रिक आट्यांचा कोन 60. एकाचा नट दुसऱ्याला सख्ख्या भावाच्या जावयासारखा: बसतो, पण नीट नाही. गावच्या हार्डवेअरच्या दुकानात असले काही मिळत नाही. म्हणून जमिनीवर सांडलेला एक नट हा कौटुंबिक प्रसंग ठरतो: पंखा बंद, केरसुणी बंद, नातवंडे पलंगावर. लोहचुंबक फिरवून उपयोग नसतो, कारण नट पितळेचा. शेवटी एमआयडीसीतल्या टर्नरकडे जावे लागते. तो नमुना तळहातावर घेऊन विचारतो, “काकानू, ह्यां घड्याळाचां काय ओ?”

नळी जोडायला चांदीचा डाग हवा, कारण साधे सोल्डर त्या उष्णतेत दगा देते. ते काम सोनार करतो. मजुरी घेत नाही, पण दागिना कोणाचा ते विचारतो.

खरी परीक्षा व्हॉल्व्हची. दट्ट्या टोकाला पोचतो न पोचतो तोच वाफेची वाट उघडली पाहिजे. थोडे चुकले की इंजिन मागे झोकात जाते आणि पुढे लंगडते. डाव्या-उजव्या बाजूंचे क्रँक एकमेकांशी 90 अंशांत लागतात, म्हणजे एक बाजू टोकाला अडली तरी दुसरी ओढते. हे जमले का, ते ज्योत पेटवण्याआधी दाबाच्या हवेवर पाहायचे असते. अशा इंजिनाचा दाब 40 पौंडांच्या आसपास, स्कूटरच्या मागच्या चाकापेक्षा थोडा जास्त. साहजिकच इंजिन पंचात गुंडाळून पंक्चरच्या दुकानात नेले जाते. तिथे रिक्षावाले जमतात. कार्बोरेटर साफ करावा, यावर त्यांचे एकमत होते.

पाणी डिस्टिल्ड लागते. त्यामुळे घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी कोरडी पडते. तेलाचे प्रकरण याहून नाजूक. सिलिंडरात शिरणारी वाफ 140 अंशांच्या घरात असते. तिथे साधे तेल टिकत नाही, दाट स्टीम ऑइल लागते. ते एका लहानशा डबीत भरतात. वाफ डबीत येते, निवून पाणी होते, पाणी तळाशी बसते आणि आपल्याएवढे तेल वर सारून बाहेर काढते. ही खरोखर सुरेख युक्ती आहे, आणि चहाला आलेला माणूस ती ऐकल्याशिवाय सुटत नाही. ‘खोबरेल चालणार नाही काय?’ हा प्रश्न मात्र काकांनी मनाला लावून घेतलेला असतो.

रूळ अंगणात चिऱ्यांवर मांडतात. पाऊस संपेपर्यंत ते मांडता येत नाहीत, आणि चाकरमानी तर चतुर्थीलाच येतात. म्हणून पहिला प्रयोग पडवीत होतो. नारळ ठेवला जातो, शेजारचे तात्या गाऱ्हाणे घालतात: “बा देवा म्हाराजा, ह्या इंजिनाक येळार वाफ दी रे म्हाराजा, खंय काय गळत आसात तर ता बंद कर रे म्हाराजा!” सगळे म्हणतात, “होय म्हाराजा!” थंड सिलिंडरात साचलेले पाणी तेलासह चिमणीतून उडते आणि पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या सदऱ्यांवर बसते. मग इंजिन चालते. एका गॅसभरीत वीसेक मिनिटे, अगदी देखणे चालते.

दुसऱ्या दिवशी काकांना त्यात टकटक ऐकू येते आणि ते सगळे खोलून बसतात. अशांच्या शेजारी राहणाऱ्यांनी ‘चलतला कधी?’ असे विचारू नये. आणि गल्लीत पितळेचा बारीकसा नट सापडला, तर तो फेकून न देता काकींच्या हाती द्यावा.