हद्द कायम

वळणावर विश्वास नसलेल्या माणसांची एक जमात आहे. आमचे अण्णा तिचे बिनविरोध अध्यक्ष. सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, भूमापक म्हणून. सुरुवात शंकू-साखळीनं, मग प्लेन टेबल, निवृत्तीच्या तोंडावर ईटीएस मशीन. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, आणि दर एकरामागे निदान एक कोर्टकेस, हा त्यांचा पाढा. बांध जिथं वळतो तिथंच भाऊ भावाचं डोकं फोडतो, असा त्यांचा अनुभव. त्यामुळे वळण दिसलं की त्यावर एक खूण ठोकायची. शंका आली तर दोन खुणांच्या मध्ये तिसरी. शंका तर अण्णांना येतेच.

घरातही तसंच. सूनबाई पुण्याला निघाल्या की किणी टोलनाक्याला फोन, पेठनाक्याला फोन, कराडला फोन, साताऱ्याला फोन, खंबाटकी उतरल्यावर फोन. 'पोचल्यावर एकदाच करते' हे वाक्य त्या घरात उच्चारायची सोय नाही. मधल्या रस्त्यात गाडी कुठं होती, याची नोंद नको?

निवृत्तीनंतर अण्णा पुतण्याच्या फ्लेक्सच्या दुकानात येऊन बसू लागले. कोल्हापुरात या धंद्याला मंदी माहीत नाही. कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच, आणि शुभेच्छुकांचे चाळीस फोटो खाली रांगेत लागतातच. पुतण्या एकटा, कामाचा ढीग. तो सहज म्हणून गेला, "अण्णा, बसलायसाच तर फोटो कटिंग शिका की." बोलून गेला आणि फसला.

कटिंग म्हणजे फोटोतल्या माणसाच्या कडेनं पेन टूलनं पाथ काढायचा, सुरुवातीच्या बिंदूवर आणून बंद करायचा, कंट्रोल-एंटर दाबून त्याचं सिलेक्शन करायचं आणि मागचा कंपाउंड, उभी असलेली बुलेट, वाळत घातलेली चादर, सगळं उडवायचं. कडेनं फिरून परत मूळ बिंदूला यायचं, हे अण्णांना फार पटलं. हद्द अशीच मिळवतात. माऊस दाबला, सोडला, बिंदू पडला. पुढं सरकले, दुसरा. दोन्हींमध्ये सरळ रेघ. अण्णा खूश.

"तसं न्हाई अण्णा. दाबून धरायचं आन् ओढायचं."

अण्णांनी ओढलं. बिंदूतून दोन्ही बाजूंना दोन दांड्या बाहेर आल्या.

"हे कान कसले?"

"हँडल हाय ते. कान फिरवाल तशी रेघ वळती."

"आन् रेघ ह्या कानाच्या टोकातनं जाती?"

"न्हाई. निघताना तिकडं तोंड करून निघती, मग पुढच्या बिंदूच्या कानाकडनं येऊन मिळती. कान लांब केला की वळण फुगतं."

अण्णांनी माऊस खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हंजे खूण हितं, आन् हद्द तिकडं? ह्या नकाशावर सही कोण करणार?"

त्यावर पुतण्याकडे उत्तर नव्हतं. फोटोशॉप आजवर कुणी पंचनाम्याला दिलेलं नाही.

मग अण्णांनी आपली पद्धत लावली. कान काढायचेच नाहीत. टिचकी मारायची, तांदळाएवढं पुढं जायचं, टिचकी मारायची. एका भावी नगरसेवकाचा फोटो त्यांच्या हाती लागला. गालावर वीसेक बिंदू, कानाच्या पाळीवर त्याहून जास्त, आणि मिशीपाशी तर झूम इतका वाढवला की पडद्यावर नुसते चौकोनी ठोकळे उरले. मिशी कुठली आणि सावली कुठली हे ठरवायला अण्णांनी शेजारच्या पानवाल्याला साक्षीला बोलावलं. फेट्याचा तुरा संपेपर्यंत दुपार गेली. फोटो कापला गेला तो इंचन् इंच बरोबर. फक्त प्रिंट दहा फुटांवर गेल्यावर कळलं की गालांना पैलू पडलेत. भावी नगरसेवक आले, स्वतःकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो दगडात कोरलाय काय?" अण्णांनी ती तारीफ समजून घेतली.

मी त्यांची समजूत काढायला म्हणून गोष्ट सांगितली. म्हटलं, अण्णा, ही वक्ररेषा फुकटची नाही, इंजिनिअरांनी काढलीय. मोटारीच्या पत्र्याची गोलाई गणितात बसवायला. पिएर बेझिए म्हणून रेनो कंपनीत होते, साठच्या दशकात त्यांनी ही रीत जगापुढं मांडली. म्हणून तिला बेझिए कर्व्ह म्हणतात. १९८७ साली अडोबीचा इलस्ट्रेटर आला तो याच रेषेवर उभा. इथवर ठीक होतं. पण माहिती पुरी द्यायची खोड नडली. म्हटलं, तसं बघितलं तर सित्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ सालीच हे गणित सोडवलं होतं. कंपनीनं ते गुपित म्हणून दाबून ठेवलं.

अण्णा खुर्चीत पुढं सरकले. "म्हंजे कसणारा एक, आन् सातबारा दुसऱ्याच्या नावावर? त्या कास्तेलकरानं हरकत न्हाई घेतली?"

तेव्हापासून दुकानातल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, म्हणजे कोरलड्रॉमधल्या बेझिए टूलला अण्णा त्या नावानं हाक मारत नाहीत. "कास्तेलकराचं हत्यार काढ" म्हणतात. फेरफार झालेला नसला तरी वहिवाट बघायची असते, असं त्यांचं म्हणणं.

खरी जुंपली ती रेडियमच्या कामावर. एकाला ट्रॉलीच्या मागं लावायला 'श्री' हवा होता, जुन्या पेंटरनं कागदावर काढून दिलेला, झोकदार. तो स्कॅन करून अण्णांनी कोरलमध्ये काढला. खालच्या पट्टीवर आकडा उमटला: २१४ नोड, म्हणजे बिंदू. फ्लेक्सवर लांबून खपून जातं. कटिंग प्लॉटरला खपत नाही. त्याची सुरी पाथवरून चालते, आणि दर नोडला जरा अडखळते. 'श्री'च्या वेलांटीत सुरी एवढ्या वेळा अडखळली की विनाइलला करवतीचे दाते आले. पुतण्यानं डोक्याला हात लावला. तेच अक्षर तो तीसेक नोडमध्ये काढतो, आणि वळण जिथं दिशा बदलतं तेवढ्याच जागी. वळणाच्या पोटात बिंदू नाहीच. हे खरं कसब. शिकायला महिने जातात, कारण बिंदू ठेवण्यापेक्षा न ठेवणं अवघड. पण ते अण्णांना कोण सांगणार? त्यानं एफ-१० दाबून शेप टूल घेतलं, सगळं सिलेक्ट केलं आणि वरचं रिड्यूस नोड्सचं बटण दाबलं. अण्णांच्या डोळ्यांदेखत दीडशे खुणा गायब झाल्या.

"अरे! हद्दीच्या खुणा काढणं गुन्हा हाय! महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, वाच!"

"अण्णा, आकार तोच हाय की. बघा तरी."

"आज तोच हाय."

पुतण्यानं शेवटचा उपाय केला. एक मोठा गोल काढला, कंट्रोल-क्यू दाबून त्याचे कर्व्ह केले. "बघा. एवढा गोल, नोड किती? चार. आता बोला."

अण्णा बोलले नसते. पण पुतण्याची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, ती डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "पण पप्पा, तो खरा गोल नाहीच. चार नोडच्या बेझिएनं खरं वर्तुळ निघतच नाही. ०.०२७ टक्क्यांपर्यंत चुकतं."

दुकानात पंखा सोडला तर काही हललं नाही.

"चुकतं ते आत का भाईर?" अण्णांनी विचारलं.

"बाहेर, आजोबा. चार नोडवर बरोबर, आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये बरोबर. बाकी आठ ठिकाणी किंचित फुगतं."

अण्णांनी बिलबुकाच्या पाठीमागं आकडेमोड केली. १०० मीटर त्रिज्येचा गोल धरला तर पावणेतीन सेंटिमीटर. "आठ ठिकाणी अतिक्रमण! आन् आठ बिंदू केले तर?"

"तर चूक साधारण ६४ पटीनं कमी होते," ती म्हणाली आणि डबा ठेवून कॉलेजला गेली. पुतण्या तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे जसा बघत होता, तसं बापानं लेकीकडे बघू नये.

अण्णांनी दुकानातल्या यच्चयावत गोलांची फेरमोजणी काढली आहे. परवा गेलो तेव्हा एका दवाखान्याच्या बोर्डावरचं वर्तुळ चाललं होतं, डॉक्टरांचा कंपाउंडर बाकावर ताटकळलेला. पुतण्यानं मला डोळ्यांनीच विनवलं, यांना जरा चहाला न्या. मी म्हटलं, "अण्णा, चला, चहा घेऊन येऊ."

"हितंच मागव," अण्णा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "पश्चिमेची बाजू ऱ्हायलीया."