धूरफवारणी यंत्रसाहेबांस खुले पत्र

मु. पो. भातकुली, जि. अमरावती

आदरणीय यंत्रसाहेब,
सा. न. वि. वि.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण आमच्या आळीतून गेलात, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. काय तो थाट! आपला फटफट आवाज, मागे पांढऱ्या धुराचा लोट अन् त्या धुरात नाचत पळणारी दहा-पंधरा पोट्टी. रात्रीपर्यंत आपला फोटो निम्म्या गावाच्या स्टेटसला लागला होता. आम्ही मोठ्या माणसांनी मात्र रीतीप्रमाणे पटापट दारं-खिडक्या लावून घेतल्या, धुराने ठसका लागतो म्हणून. खाटेखाली अन् खुंटीवरच्या कपड्यांमागे बसलेल्या डासांना त्यामुळे आपलं दर्शन काही घडलं नाही.

त्यातून हिवतापाची डासीण, अ‍ॅनॉफिलीस, ही रात्रपाळीवाली. आपण येता दिवेलागणीला. तिचा कामाचा जोर घर झोपल्यावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिची पिल्लावळ तर पाण्यात, तिथे आपला धूर पोचतच नाही. उडता डास थेंबाखाली सापडला तर मरतो. अळ्यांना आठ-दहा दिवसांत पंख फुटतात अन् त्या नव्याने कामावर रुजू.

पाण्याचं म्हणाल, तर भातकुली पडली खारपाण पट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. म्हणून नळ आला की टाकं, ड्रम, रांजण, हाती लागेल ते भरून ठेवायचं. डासीणबाईंनाही असंच स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. गटाराकडे त्या सहसा फिरकत नाहीत. आमची तहान अन् त्यांचं बाळंतपण, दोन्ही एकाच ड्रमात. नातवाच्या शाळेत गुरुजींनी एकदा टाकीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन वर्गभर फिरवलं. पाण्याच्या वरच्या थराशी काडीसारखी आडवी पडलेली अळी. टिचकी मारली की झटका देऊन मागच्या मागे सरकायची. पोट्टे खूश! धडा झकास झाला, टाकीला झाकण मात्र तेव्हाही नव्हतं.

आता घरचंच सांगतो. नातू पाचवीत. सोमवारी दुपारी त्याला हिव भरलं. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. मग ताप, मग दरदरून घाम, अन् संध्याकाळी उठून भाकर मागू लागला. मंगळवारी शाळेत. बुधवारी पुन्हा गोधडी. गुरुवारी शाळेत. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापात ताप असा एक दिवस आड येतो, हे आम्हाला कुठे ठाऊक? आम्हाला वाटलं, पोट्टं गणिताचा तास चुकवून राह्यलं. बरं, हजर असायचा त्या दिवशीही बाकावर मान टाकूनच.

आशाताईंनी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं, तेव्हा उलगडा झाला. क्लोरोक्विन तीन दिवस, प्रायमाक्विन चौदा दिवस. चौथ्या दिवशी नातू अंगणात विटीदांडू खेळू लागला, अन् आम्ही उरलेल्या गोळ्या देवळीत ठेवून दिल्या. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात आणि त्यांना हुसकायलाच ते चौदा दिवस असतात, हे ताईंनी दोनदा बजावलं होतं. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात नातू पुन्हा गोधडीत. यात आपला काही दोष नाही, साहेब. हे आमचं कर्तृत्व.

एवढ्यातेवढ्या तापाने शिक्षणाचं काय बिघडतं, असं आपल्या टाकीत आलं असेल. श्रीलंकेतल्या मोनेरागला जिल्ह्यात संशोधकांनी शाळकरी मुलांच्या एका गटाला हिवताप टाळणारी गोळी दिली आणि दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, औषध नसलेली. 2006 साली निष्कर्ष छापून आला: खऱ्या गोळीच्या मुलांची गैरहजेरी घटली, भाषेत अन् गणितात गुण जास्त पडले. हिवताप रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. पुन्हा पुन्हा आला की पोर पांढरंफटक पडतं. फळ्यावर काय लिहिलंय ते दिसतं, पण डोक्यात शिरत नाही. त्याच श्रीलंकेला 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्त जाहीर केलं. रक्त तपासत, घरात फवारणी करत, मच्छरदाण्या वाटत आणि एकेका रुग्णाचा माग काढत त्यांनी ते साधलं. फार कंटाळवाणं काम. फोटोही चांगले येत नाहीत.

गडचिरोली नि मेळघाटापुढे भातकुलीचा हिवताप म्हणजे लिंबूटिंबू, हे मान्य. पण भारतानेही 2030 पर्यंत हिवताप हद्दपार करायचं ठरवलं आहे, अन् 2030 म्हणजे आमचा नातू अजून शाळेतच असणार.

साथ भडकली तर आपण जरूर या, दारं उघडी ठेवू. एरवी विश्रांती घ्या. आम्ही शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरोघर ड्रम पालथे घालून, घासून, कोरडे करायचं ठरवलं आहे. जे टाकं रिकामं करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडू. त्यांना डिझेल लागत नाही.

आपला नम्र,
एक आजोबा

ता. क. : शाळेच्या टाकीला झाकण आम्ही पालकांनी वर्गणी काढून बसवलं. पत्र्याचं आहे, वर दगड ठेवलाय. पोट्ट्यांनो, तो दगड काढू नका.