हॉटस्पॉटचा कुटुंबप्रमुख

हॉटस्पॉट देणं हे दान आहे, असा समज आम्ही देणाऱ्यांनीच पसरवला आहे. खरं तर ती सत्ता आहे, आणि माझ्यासारखे लोक ती चवीनं उपभोगतात. ‘जरा हॉटस्पॉट ऑन कर ना’ यातला शेवटचा ‘ना’ कानी पडेपर्यंत आमचं बोट हलत नाही. विरजण मागायला आलेल्या शेजारणीला कुणी असं ताटकळत ठेवत नाही. पण वाटीभर विरजणानं आपलं दही सरत नाही, डेटा सरतो. शिवाय आठ अक्षरांहून छोटा पासवर्ड चालत नाही, म्हणून आम्ही तो एकेक अक्षर सावकाश उच्चारून सांगतो, कानात गुरुमंत्र दिल्यासारखा.

पुरावा हवा असेल तर आत काय चालतं ते पाहा. फोन घरातल्या प्रत्येक उपकरणाला एकेक घरगुती पत्ता वाटतो आणि बाहेरच्या जगाशी मात्र स्वतःच्याच पत्त्यानं बोलतो. मुलीचा लॅपटॉप, आजीचा टॅब, टीव्ही, सगळ्यांची मागणी एकाच नावावर जाते आणि आलेला माल घरात ज्याचा त्याला पोचतो. हे हुबेहूब रेशनकार्ड झालं: रांगेत एक उभा, खाणारी तोंडं पाच, आणि कोटा संपला की बोलणी उभा राहिलेल्यालाच. फरक इतकाच की २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातल्या सर्वांत ज्येष्ठ सज्ञान स्त्रीला कुटुंबप्रमुख केलं. गहू-तांदळावरचं नाव असं गेलं, गॅसची टाकी कधी संपेल हे आम्हाला कधीच कळत नव्हतं, टीव्हीचा रिमोट मुलांनी नेला. एवढ्या पडझडीत पुरुषाच्या हाती एक हॉटस्पॉट उरला असेल, तर तो त्यानं मिशीला पीळ देत चालू करावा यात नवल ते काय? मिशी नसली तरी पीळ राहतोच.

यावर कुणी म्हणेल, डेटा आता स्वस्त आहे, त्याचा कसला तोरा? मान्य. २०१६ साली जिओ आलं आणि महिनाभर एक जीबी पुरवणारी माणसं रोज दीड-दोन जीबी उडवू लागली. पण स्वस्ताई रात्री बारापर्यंतची असते. रोजचा कोटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं ७०० एमबीचा सिनेमा उतरवायला २४ तासांहून जास्त लागतील, म्हणजे त्याच्या आधी उद्याचा कोटा उजाडेल. आणि कोटा संपवतो कोण? माणसं नव्हेत. लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे फुकटचं वायफाय वाटतं. ‘हे कनेक्शन मीटर्ड आहे’ असं त्याला बजावून ठेवलं नाही, तर तो गुपचूप स्वतःचे अपडेट ओढत बसतो. जेवायला बोलावलेल्या पाहुण्यानं वर्षाचं धान्य भरून न्यावं तसं. इथे मात्र मला मनापासून चीड येते, कारण आपण ओरडतो ते आजीच्या कीर्तनावर.

मग सरळ ब्रॉडबँड घ्या ना, हा दुसरा आक्षेप. हिशेब त्याच्याच बाजूनं आहे. पण भिंतीवरच्या राउटरला कुणी ‘ना’ म्हणत नाही. त्याला कुणी ‘थांब, इतक्यात बाहेर जाऊ नकोस, माझं दोन मिनिटांत होतंय’ असंही म्हणत नाही. हॉटस्पॉटची पोच फार तर दोन-तीन खोल्यांची, मधे भिंती आल्या की त्याहून कमी; म्हणून हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरात माणसं नाइलाजानं का होईना, एका खोलीत बसतात. सत्ताधाऱ्यालाही जागेवरून उठता येत नाही, हे आम्ही कुणाला सांगत नाही. पुढे घरातलं हॉटस्पॉट देणारं पोर नोकरीसाठी परगावी जातं, फोन त्याच्याबरोबर जातो, आणि घरी रीतसर ब्रॉडबँड येतं. तरी आजीच्या टॅबमधल्या सेव्ह केलेल्या नेटवर्कांत त्या पोराचं नाव तसंच राहतं. त्यापुढे लिहिलेलं असतं, ‘रेंजमध्ये नाही’. ते काढून कसं टाकायचं हे आजीला कुणीतरी दाखवलेलं असतं.