किराणा विभागाचे सर

नेमणुकीच्या दिवशी तुम्हाला गळ्यात घालायचं ओळखपत्र, गोदामाच्या किल्ल्या आणि वॉकीटॉकी मिळेल. ओळखपत्रावर ‘डिपार्टमेंट मॅनेजर, किराणा’ असं छापलेलं असेल. ते त्याच रात्री घरी सगळ्यांना दाखवून घ्यावं, कारण दुसऱ्या दिवसापासून स्टाफ तुम्हाला ‘सर’ म्हणेल आणि गिऱ्हाईक ‘ओ भाऊ’. दोन्ही हाकांना सारख्याच तत्परतेने वळण्याचा सराव करावा.

आता अधिकार. हा भाग लवकर आटोपतो. भाव मुख्य कार्यालयातून येतात. माल मध्यवर्ती गोदामातून, कॉम्प्युटरच्या मनात येईल तेव्हा येतो. कोणता डबा कुठे ठेवायचा हे प्लॅनोग्राम नावाच्या नकाशात ठरलेलं असतं. नजरेच्या उंचीची फळी आणि रांगेच्या टोकाचा स्टँड बहुधा कुठल्या ना कुठल्या कंपनीने पैसे मोजून घेतलेला असतो, त्यामुळे तिथे तुमचा हात फक्त फडक्यासकट पोचतो. विभागात गणवेशात वावरणाऱ्या मुलामुलींपैकी बऱ्याच जणी चहा-साबणाच्या कंपन्यांच्या प्रमोटर असतात. चहावाली तांदळाच्या गोणीला हात लावत नाही, आणि का लावावा? तिचा पगार चहातून येतो. उरलेले कंत्राटदाराचे. मग विभागात तुमचं स्वतःचं असं काय? जे चुकेल ते.

गिऱ्हाइकाने फळीवरून स्वतः माल उचलायचा ही कल्पना क्लॅरेन्स सॉण्डर्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९१६ साली मेम्फिसच्या आपल्या दुकानात आणली आणि पुढच्याच वर्षी तिचं पेटंटही घेतलं. नको झालेला माल परत कुठे ठेवायचा, ते मात्र लोकांना अजून कोणी शिकवलेलं नाही. ते काम तुमचं. रात्री दुकान बंद होताना फेरी मारा: शाम्पूच्या बाटल्यांमागे पनीर, वह्यांवर कोथिंबिरीची जुडी, आणि डिटर्जंटच्या पाठीशी चॉकलेटचा रिकामा कागद, व्यवस्थित घडी घातलेला. पनीर आधी उचला.

ज्याची तारीख आधी संपते तो माल पुढे लावायचा, असा नियम आहे. हा नियम काकूंनाही माहीत आहे. म्हणून त्या ब्रेडच्या रांगेत खांद्यापर्यंत हात घालून मागचा पुडा काढतात. नवशिके मॅनेजर ताजा माल आणखी मागे लपवतात. पण पुढचे चार पुडे काढून आपल्याच ट्रॉलीत ठेवणाऱ्या आणि हवा तो हाती लागल्यावर ते चारही बिस्किटांवर सोडून जाणाऱ्या काकूंपुढे कोणाचं काही चालत नाही. ताजा माल गोदामातच ठेवावा. त्यावर ‘आत ताजा आहे का हो?’ असा प्रश्न येईल. येईलच.

सुट्या धान्याच्या पिंपांपाशी उभं राहणं ही वेगळी विद्या. तिथे तांदूळ दाताखाली फोडून बघतात, तूरडाळ तळहातावर चोळून पॉलिश आहे का ते पाहतात, शेंगदाणे मात्र नुसतेच खातात. ‘इंद्रायणी जुना की नवा?’ असं विचारलं तर उलट विचारा, ‘भात मऊ हवा की मोकळा?’ ‘मोकळा’ म्हणाले तर हळूच कोलमकडे न्या. पोरकिडा दिसलाच तर ‘औषध मारलेलं नाही, त्याची ही खूण’ असं म्हणण्याचा मोह होईल. म्हणू नका. पिंप उचला आणि आत न्या. साखरेपाशी मुंग्या आणि गुळापाशी माश्या हे कोणाच्याच प्लॅनोग्राममध्ये नाहीत, तरी वेळेवर हजर असतात.

पण या नोकरीत खरी कसोटी लागते ती पंचांगाशी. मालाची मागणी नोंदवणारा कॉम्प्युटर गेल्या वर्षीची इंग्रजी तारीख बघतो. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला होती आणि २०२४ साली १७ जुलैला, कारण मधे अधिक श्रावण येऊन गेला. कॉम्प्युटरला अधिक मास कळत नाही. तो जूनच्या शेवटी साबुदाण्याच्या गोण्यांवर गोण्या पाठवतो आणि ऐन एकादशीच्या आठवड्यात ‘मागणी नाही’ म्हणून हात वर करतो. त्यातून मुख्य कार्यालय उत्तरेकडचं असेल तर आनंदच. त्यांचे महिने पौर्णिमेला संपतात, आपले अमावास्येला. त्यामुळे ‘श्रावण धमाका’चे फलक आपल्या आषाढात, म्हणजे लोक मटणाच्या रांगेत असताना लागतात, आणि राखीपौर्णिमा झाली की उतरतात. आपला अर्धा श्रावण तेव्हा शिल्लक असतो आणि लोक भगर मागत असतात. यावर एकच उपाय. टेबलाच्या खणात भिंतीवरचं एक कॅलेंडर ठेवा, फरक स्वतः मोजा आणि मागणीच्या ईमेलमध्ये तिथीचा उल्लेखही करू नका. ‘स्थानिक ट्रेंड’ लिहा. ट्रेंड म्हटलं की मंजूर होतं.

फळीवरच्या चिठ्ठीत एक भाव आणि बिलात दुसरा, हा प्रसंग रोजचा. चिठ्ठी बदलायची राहिली एवढंच कारण असतं, पण ते सांगू नये, कमी भाव द्यावा आणि मोकळं व्हावं. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं कायद्याने गुन्हाच आहे. कमी घेणं हा फक्त तुमच्या महिन्याच्या आढाव्यातला गुन्हा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर उतरले, तेव्हाचा आठवडा ज्यांनी फ्लोअरवर काढला त्यांना विचारा. रात्री चिठ्ठ्या बदलायच्या आणि दिवसा ‘टीव्हीवर तर स्वस्त झालं म्हणाले’ हे ऐकायचं. कोणती वस्तू उतरली, कोणती नाही, हे सांगताना अर्थमंत्र्यांचा चेहरा करावा.

प्रजासत्ताक दिनाची सुट्टी विसरा. २६ जानेवारीला महासेल लावायची रीत बिग बझारने २००६ साली पाडली. बिग बझारच्या पाट्या २०२२ मध्ये उतरल्या. रीत उतरली नाही.

साप्ताहिक सुट्टी मात्र आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायला मुभा दिली आणि कामगाराला आठवड्याची सुट्टी ठेवली. शनिवार-रविवार मागू नये, एक ते दहा तारीख मागू नये, सणाचा आदला दिवस तर उच्चारूही नये. एखादा मंगळवार मिळेल. त्या सकाळी घरचे हातात किराण्याची यादी देतील, आणि ती तुमच्याच दुकानातून आणावी लागेल, कारण स्टाफला पाच टक्के सूट आहे. साधा शर्ट घाला, वॉकीटॉकी घरी ठेवा आणि मालाच्या गाड्या लागतात त्या मागच्या दाराने आत शिरा. पुढच्या दाराने गेलात तर शाम्पूपर्यंत पोचायच्या आत कोणीतरी विचारेल, ‘ओ भाऊ, चिरोटी रवा कुठंय?’