मुक्कामपंत

दहा-बारा जणांनी मिळून लडाखला जायचं ठरवलं की 'राहायचं कुठे' हे खातं आपोआप एकाकडे जातं. त्याने ते मागितलेलं नसतं, पण दुसऱ्याला दिलं असतं तर तो पुढची तीन वर्षं बोलला नसता. आमच्यात ते पंतांकडे आहे. पंत हे त्यांचं नाव नव्हे, पदवी आहे. बँकेतून निवृत्त, सकाळी रक्तदाबाची गोळी, संध्याकाळी टेकडी, आणि जगातल्या यच्चयावत हॉटेलवाल्यांवर दांडगा अविश्वास. असा एक पंत प्रत्येक सोसायटीत असतो. तुमच्या सोसायटीत कोणी नसेल, तर नीट विचार करा, ते बहुधा तुम्हीच असाल.

जूनच्या सहलीसाठी पंतांची एक्सेलची फाईल जानेवारीत तयार होती. लेहमधली पंचवीस-तीस हॉटेलं एकाखाली एक. समोर रकाने: गीझर, कमोड, बाथरूम आत की बाहेर, गादीची जाडी, बाजारापासून अंतर, नाश्त्याला पोहे, खिडकीतून डोंगर, पार्किंग. आपण विमानाने जाणार, पुढे गाडी भाड्याची, मग पार्किंग कशाला, असं कोणीतरी विचारलं. ''पार्किंग असलेलं हॉटेल चांगल्या घरचं असतं,'' पंत म्हणाले. विषय संपला.

अभिप्राय वाचण्याची त्यांची स्वतंत्र पद्धत आहे. पाच तारे देणारा माणूस मालकाचा मेहुणा असतो, तीन तारे देणाऱ्याला स्वतःचं मत नसतं. खरं बोलतो तो एक तारा देणारा. त्यामुळे पंत फक्त एक ताऱ्याचे अभिप्राय वाचतात, आणि साहजिकच त्यांना राहण्याजोगं एकही ठिकाण सापडत नाही. मग फोन. लेहच्या चांगस्पा भागातल्या एका गेस्टहाऊसशी झालेला संवाद त्यांनी स्पीकरवर ठेवून आम्हाला ऐकवला.

''गरम पानी चोबीस घंटा?''

''सर, सुबह और शाम.''

''और दोपहर को?''

''दोपहर को धूप है, सर.''

या उत्तरावर मी तरी तिथली खोली ताबडतोब घेतली असती. पंतांनी गीझरच्या रकान्यात लाल रंग भरला.

एवढ्या रकान्यांत एक रकाना नव्हता, उंचीचा. आमच्यात पंतांची एक भाची डॉक्टर आहे, तिने तो विषय काढला. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. ''उंचीचं मला सांगू नकोस, मी कळसूबाई चढलोय,'' पंत म्हणाले. कळसूबाई 1,646 मीटर. लेहचा विमानतळच त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास उतरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी. भाचीने समजावलं, ''मामा, दिवसा कुठेही फिरून या. रात्री किती उंचीवर झोपता, ते महत्त्वाचं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोज रात्री फार तर पाचशे मीटर चढायचं.''

पंतांनी मनातल्या मनात गणित केलं. ''म्हणजे पुणे सोडल्यावर विमानाने थेट साडेतीन हजारावर उतरायचं, हे या नियमात बसतच नाही.''

''नाहीच बसत. म्हणून लेहला पहिले दोन दिवस काही करायचं नाही.''

''दोन दिवस पैसे भरून काही करायचं नाही?''

निवृत्त बँकरच्या काळजाला लागेल असं वाक्य याहून दुसरं नसावं. पंतांचा मूळ बेत वेगळाच होता. लेहला उतरायचं, चहा घ्यायचा आणि पहिल्याच रात्री पँगाँग गाठायचं. 2009 साली 'थ्री इडियट्स'ने तो तलाव घरोघरी पोहोचवला, तेव्हापासून काकूंना, म्हणजे पंतांच्या बायकोला, तो बघायचा होता. ''महत्त्वाचं आधी उरकावं,'' हे पंतांचं तत्त्व. पँगाँग 4,200 मीटरच्या वर आहे आणि तिथून रुग्णालय कित्येक तास लांब. भाचीने हे शांतपणे सांगितलं, मग कमी शांतपणे सांगितलं, शेवटी काकूंना सांगितलं. बेत बदलला.

लेहमध्ये उतरल्यावर विश्रांती घ्या, असं विमानात सांगतात, विमानतळावर सांगतात, टॅक्सीवालाही सांगतो. पण खोली बघितल्याशिवाय विश्रांती घ्यायची कुठे? पंत कुठल्याही हॉटेलात दिलेली पहिली खोली घेत नाहीत. ती फसवण्यासाठीच ठेवलेली असते. देवगड हापूसची पेटी उघडून एकेक फळ चाचपावं तशी ते गादी चाचपतात, नळ सोडतात, फ्लश ओढतात, पडदा सरकवतात आणि म्हणतात, ''दुसरी दाखवा.'' इथेही तेच झालं. तळमजल्यावरच्या खोलीसमोर कोबीचा वाफा होता, डोंगर नव्हता. ''दुसरी दाखवा.'' पहिल्या मजल्यावरून समोरच्या घराची गच्ची दिसत होती. ''दुसरी.'' दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पंत मध्येच थांबले आणि कठड्याची कारागिरी निरखू लागले. बराच वेळ निरखली. वरच्या खोलीतून स्टोक कांगडीचं शिखर अगदी समोर, पांढरंशुभ्र. पंतांनी ते पाहिलं नाही. ते गादीवर बसले होते आणि या वेळी चाचपत नव्हते.

गेस्टहाऊसच्या मालकीणबाई वर आल्या. सगळे त्यांना 'आमा-ले' म्हणत. त्या काहीच बोलल्या नाहीत. पंतांची बॅग उचलली, सत्तरीच्या बाईने, आणि कोबीच्या वाफ्यासमोर नेऊन ठेवली.

पुढचे दोन दिवस पंतांनी त्या कोबीइतकं दुसरं काही पाहिलं नाही. उशाला काकूंनी दिलेली कापराची पुरचुंडी. कापूर हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही, पण घरच्या देवघराचा वास येतो आणि तेवढ्याने काही लोक सावरतात. भाचीने निघण्याआधीच डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी सुरू करून दिली होती. त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं. पंतांच्या फाईलीतला 'बाथरूम आत की बाहेर' हा रकाना किती दूरदर्शी होता ते तेव्हा कळलं, आणि हे त्यांनी दर खेपेला परत येताना आम्हाला ऐकवलंही. एरवी मी त्यांच्या रकान्यांची थट्टा करतो, पण हा एक मला मान्य आहे.

मग नुब्रा खोरं. इथे भूगोलाने पंतांची पंचाईत केली. लेहहून निघून खारदुंग ला ही खिंड ओलांडायची, 5,359 मीटर, आणि पलीकडे हुंदरला उतरायचं, जे लेहपेक्षाही चारेकशे मीटर खाली आहे. ''म्हणजे एवढं वर जाऊन आपण खाली झोपायला चाललोय?'' पंतांना यात कुठेतरी फसवणूक वाटत होती. खिंडीत उंचीची पाटी होती: 18,380 फूट. प्रत्यक्ष मोजमापात ती भरते सुमारे 17,580 फूट. एक तारा देणाऱ्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवणाऱ्या पंतांनी त्या पाटीवरही ठेवला आणि तिला टेकून फोटो काढला. हुंदरला मात्र सगळ्यांना गाढ झोप लागली. अंगणात जर्दाळूची झाडं, जेवायला गरम थुक्पा. पंतांनी त्या घराला आयुष्यातले पहिले चार तारे दिले. पाचवा पोह्यांसाठी राखून ठेवला.

पँगाँगला जाताना आमच्या लडाखी ड्रायव्हरने एकदाच तोंड उघडलं. ''टांगत्सेमें सो जाओ, सर. नीचे है. सुबह लेक देखना.'' टांगत्से हे तलावाअलीकडचं गाव, काहीशे मीटर खाली. ''गावात काय बघायचं?'' पंत म्हणाले. त्यांनी तलावकाठच्या स्पांगमिकला तंबू घेतले होते, पाण्याकडून पहिल्या रांगेतले, जादा पैसे मोजून. पहिल्या रांगेत तलाव पहिला दिसतो, आणि वाराही पहिला लागतो. दहाच्या सुमारास जनरेटर बंद झाला. त्याआधी पंत टॉर्च घेऊन धापा टाकत शेजारच्या कँपमध्ये जाऊन आले होते, तिथला दर विचारायला. तो दीडशे रुपयांनी कमी निघाला. त्या रात्री त्यांचं डोकं दुखलं ते उंचीमुळे की त्या दीडशे रुपयांमुळे, याचं निदान भाचीलाही करता आलं नाही.

एवढ्या उंचीवर झोपेत श्वासाची लय बिघडते. काही सेकंद श्वास थांबतो, मग एकदम जोरात सुरू होतो. पंत घोरत होते, मध्येच गप्प होत होते, पुन्हा घोरत होते. पस्तीस वर्षं त्यांच्या घोरण्याला वैतागलेल्या काकू त्या रात्री अंधारात जाग्या राहून पुढच्या घोरण्याची वाट बघत होत्या. ''एकदा तर मीच हलवलं. म्हटलं, घोरा हो,'' असं त्यांनी सकाळी सांगितलं, तेव्हा तलाव निळा-हिरवा चमकत होता आणि पंत पाठ करून शेजारच्या कँपचा नाश्ता बघत होते.

माझं एक निरीक्षण आहे. पंतांची सहल जानेवारी ते मे या काळात होते, फोनवर आणि फाईलीत. जूनमध्ये ते फक्त बिलं भरायला जातात. मुक्कामाला पोहोचलेला पंत काहीसा उदास असतो, कारण आता निवडायला काही उरलेलं नसतं. म्हणून तर ते शेजारच्या हॉटेलात डोकावतात.

परत आल्यावर त्यांची फाईल बदलली. पहिला रकाना आता 'झोपण्याची उंची (मीटर)'. गेल्या दिवाळीत त्यांचे मेव्हणे माथेरानला जायला निघाले. माथेरान सगळं मिळून आठशे मीटर. पंतांनी त्यांना तासभर बसवून घेतलं, पाणी भरपूर प्या म्हणाले, दारू वर्ज्य म्हणाले, कापराची पुरचुंडी दिली. मग चष्मा कपाळावर सरकवून गंभीरपणे विचारलं, ''थेट वर जाताय? नेरळला एक रात्र काढा ना. तळमजल्यावरची खोली बघून ठेवलीय मी.''